कारभार द्यावा, हिस्सा राखावा

उन्हाळ्यात रान मोकळे झाले, की जालना जिल्ह्यातल्या गावोगावी वाटण्या निघतात. बांधावर दोरी फिरते, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरतात, मोसंबीची झाडे मोजली जातात, सोसायटीचे कर्ज कोणी फेडायचे यावर पंचांसमोर घासाघीस होते. सगळे संपून चहा आला, की कोणाला तरी आठवते: म्हाताऱ्यांचे काय? माय धाकट्याकडे राहील, बाप थोरल्याकडे. नाहीतर महिन्या-महिन्याची पाळी लावू. पाच मिनिटांत विषय मिटतो. जिने आणि ज्याने ती विहीर खांदली, त्या दोघांच्या पुढच्या पंधरा-वीस वर्षांचा निकाल तेवढ्या वेळात लागलेला असतो. त्यांना कोणी विचारलेले नसते, आणि तेही बोलत नाहीत.

नोकरदाराच्या निवृत्तीची तारीख आधीच ठाऊक असते. कागदपत्रे वेळेत सुरू होतात, निरोपसमारंभ होतो, शाल-श्रीफळ मिळते, दुसऱ्या महिन्यापासून निवृत्तिवेतन खात्यावर येते. शेतकऱ्याला अशी तारीख नाही. ज्या दिवशी खाती फुटतात, तोच त्याच्या निवृत्तीचा दिवस. कालपर्यंत ज्याच्या शब्दावर पेरणी व्हायची, तो दुसऱ्या दिवशी दोन भाकरींसाठी सुनेच्या वेळेची वाट पाहतो. उतारवयातला सगळ्यात अवघड बदल हाच आहे, असे आम्हाला वाटते. गुडघेदुखीला औषध असते, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होते. कारभार हातातून गेल्यावर माणूस घरात उरतो कशासाठी, या प्रश्नाची तयारी मात्र आपण कोणीच करून घेत नाही.

ही थोड्याथोडक्यांची गोष्ट नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण ९.९ टक्के होते. जालन्याची लोकसंख्या तेव्हा १९ लाख ५९ हजार होती. राज्याचे प्रमाण इथे लावले, तर तेव्हाच पावणेदोन ते दोन लाख ज्येष्ठ या जिल्ह्यात होते. आज ते वाढलेलेच असणार. त्यांतल्या बहुतेकांचे आयुष्य कोरडवाहू रानात गेले. भविष्यनिर्वाह निधी, विमा, बँकेतली ठेव असे काही त्यांच्या गाठीशी नाही. त्यांची सगळी कमाई सातबाऱ्यावर आहे, आणि वाटणीच्या दिवशी तीच हातातून जाते.

बाजेकडे पाहिले तरी हे कळते. कारभारी असेपर्यंत म्हाताऱ्याची बाज ओसरीत असते. येणारा-जाणारा तिच्याजवळ टेकतो, कापसाचा भाव सांगतो, पावसाचा अंदाज विचारतो. वाटणीनंतर घराला मधून भिंत पडते, ओसरी अर्धी होते आणि बाज मागच्या खोलीत नाहीतर गोठ्याकडे सरकते. हाकलले असे कोणी म्हणणार नाही. जागाच नव्हती, असे सांगितले जाते, आणि ते खोटेही नसते. पहाटे उठायची सवय मात्र मोडत नाही. माणूस काठी घेऊन रानात जातो, आता कोणत्या बांधावर बसायचे हे न कळून वेशीवरच्या पारावर येऊन बसतो. औंदा सोयाबीन करायचे की तूर, हे त्याला कोणी विचारत नाही.

मुलांना झोडपण्यासाठी हे लिहिलेले नाही. सात एकरांचे तीन हिस्से झाले, त्यात २०१२-१३ सारखा दुष्काळ पडला, बागा डोळ्यांदेखत वाळल्या आणि सरपणाला गेल्या, की कर्त्या मुलाचाही श्वास अडकतो. जालन्याच्या स्टीलच्या कारखान्यांत पाळी करणारा, संभाजीनगर-पुण्याला खोली घेऊन राहणारा मुलगा आईबापांना नेणार तरी कुठे? म्हणूनच हा प्रश्न मुलांच्या चांगुलपणावर सोडू नये. चांगुलपणा असतोच, पण ओढाताणीत तो पुरत नाही.

कायदा आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा महाराष्ट्रात मार्च २००९ पासून लागू आहे. उपविभागीय अधिकाऱ्यांकडे साधा अर्ज करता येतो, वकील लागत नाही, महिन्याला १० हजार रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो. याच कायद्याचे कलम २३ सांगते, की सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळले नाही, तर ते हस्तांतरण रद्द होऊ शकते. गोम त्या अटीत आहे. अशी अट होती हे दिसले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या एका आईने मुलाला दिलेले बक्षीसपत्र रद्द ठरवले, आणि हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचावा, असे बजावले. तरीही शहाणपण आधी लिहून घेण्यात आहे. ‘आम्हाला सांभाळायचे, राहती जागा आमची, दवाखाना तुमच्याकडे’ हे एक वाक्य बक्षीसपत्रात असले, तर पुढची कितीतरी वर्षे सुरक्षित होतात. ते लिहायला सांगणारा माणूस मात्र दस्त होताना जवळ नसतो.

वडिलोपार्जित जमिनीची वाटणी ही बक्षीसपत्राहून वेगळी बाब. ती जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ नुसार तहसीलदारांकडून होते. तिथे उपाय आणखी सरळ आहे: आईबापांनी आपला हिस्सा आपल्या नावावर ठेवावा. एकर असो की अर्धा एकर, तो मुलांपैकी कोणीही कसावा, पण सातबारा म्हाताऱ्यांचा असावा. मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शेतजमिनीच्या वाटपपत्राचे नोंदणी शुल्क माफ करण्याचा निर्णय घेतला. वाटण्या कागदावर याव्यात हा त्याचा हेतू चांगलाच आहे. पण वाटणी स्वस्त आणि सोपी होत असताना आईबापांच्या हिश्श्याची तपासणी सुटता कामा नये. आमची जिल्हाधिकाऱ्यांकडे मागणी आहे, की कलम ८५ च्या प्रत्येक प्रकरणात आईवडिलांचा जबाब मुलांना बाहेर थांबवून घ्यावा, आणि त्यांचा हिस्सा कोणता, राहायचे कुठे, औषधपाण्याचा खर्च कोणाचा, हे आदेशात नोंदवावे. यासाठी नवा कायदा लागत नाही. तलाठ्याने एक कागद जास्त भरायचा आहे.

आईच्या वाट्याला दुसरा धक्का येतो तो नवरा गेल्यावर. हिंदू वारसा कायद्याने १९५६ पासून विधवेला मुलाइतकाच हिस्सा आहे. प्रत्यक्षात तेरावे उरकले, की वारसांची नोंद करायला सगळे तालुक्याला जातात आणि लेकींबरोबर मायही हक्कसोडपत्रावर अंगठा देऊन येते. ‘मला काय करायचंय जमीन’ हे तिचे ठरलेले उत्तर. दुःखात असलेल्या बाईच्या या उत्तरावर कोणीही थांबू नये. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने तो सगळ्या ग्रामपंचायतींपुढे ठेवला. जालन्यातल्या ग्रामसभांनी त्याला आणखी एक ओळ जोडावी: नवरा गेल्यापासून वर्षभर आमच्या गावात कोणत्याही बाईचे हक्कसोडपत्र करायचे नाही. अशा ठरावाला कायद्याचे बळ नसेल, पण गावचा शब्द म्हणून त्याचे वजन पडते.

मुलगा पगारदार असेल, तिथे आणखी एक वाट आहे. लातूर जिल्हा परिषदेने २०२० च्या अखेरीस ठरवले, की आईवडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांचा ३० टक्के पगार कापून तो त्या आईवडिलांच्या खात्यावर टाकायचा. तसे पगार कापलेही गेले. मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याला जे जमले, ते जालन्याला न जमण्याचे कारण नाही.

‘निराधारचा पगार’ हा म्हाताऱ्यांचा दुसरा आधार. श्रावणबाळ योजनेचे अनुदान २०२३ पासून महिना दीड हजार रुपये झाले. केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेतला साठ ते एकोणऐंशी वयाच्या लाभार्थ्यासाठीचा वाटा मात्र २०० रुपयांवरच अडकला. उत्पन्नाची अट वर्षाला २१ हजार रुपये राहिली. एवढ्या उत्पन्नात कोणी जगत असेल असे मानणेच क्रूर आहे. त्यातून हे पैसे मिळवताना होणारी दमछाक वेगळी. जन्मभर निंदणी-खुरपणी, कापूसवेचणी केलेल्या बाईच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्रावर तिचा अंगठा उठत नाही. ती बोट पदराला पुसते, पुन्हा ठेवते. ऑपरेटर दुसरे बोट मागतो, मग तिसरे. शेवटी ‘उद्या या’ म्हणतो. अनेकींच्या आधारवर जन्मतारीख अंदाजाने १ जानेवारी लागलेली आणि वय काही वर्षांनी कमी. गावाला जी सत्तरीची म्हातारी दिसते, ती कागदावर पासष्टचीही नसते. हयातीची नोंद आणि आधारदुरुस्ती यांसाठी शिबिरे गावातच लावली पाहिजेत, आणि अंगठा न उठणाऱ्यांसाठी डोळ्यांवरून ओळख पटवणारे यंत्र तिथे हवे.

काही गोष्टी खरोखर चांगल्या झाल्या आहेत. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत आहे, पासष्टनंतर अर्धे तिकीट आहे. यामुळे माय कोणाकडे पैसे न मागता लेकीकडे जाऊन येते, म्हातारा नाथषष्ठीला पैठण गाठतो. काकडा, हरिपाठ, सप्ताह यांनीही कारभार सोडलेल्या पुरुषांना मान आणि जागा दिली आहे. विणा हातात आला, की त्याला कोणी रिकामा म्हणत नाही. बायकांना मात्र तिथेही बहुतेक चुलीपुढचेच काम येते.

अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांत बदल उलट्या दिशेनेही येतो. उचल घेतलेल्या टोळ्या दसरा-दिवाळीला ऊसतोडीला निघतात, आणि नातवंडे आजी-आजोबांच्या पदरात पडतात. ज्यांची आता कोणीतरी काळजी घ्यायची, त्यांनाच पुन्हा आईबाप व्हावे लागते. शाळेचा डबा, आजारपण, रात्री जागणे, वयात येणाऱ्या नातीवर लक्ष, सगळे आले. त्या काळात म्हाताऱ्याची स्वतःची रक्तदाबाची गोळी संपली, तर तालुक्याला जाऊन आणणारे घरात कोणी नसते. हंगामी वसतिगृहांतून मुलांच्या जेवणाची सोय होते. तीच थाळी सांभाळणाऱ्या आजीपर्यंत का जाऊ नये? टोळ्या निघायच्या आधी, मागे राहणाऱ्या प्रत्येक ज्येष्ठाचे नाव आणि त्याच्या चालू गोळ्या यांची यादी ग्रामपंचायतीने आशाताईंकडे द्यावी, आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत महिन्याच्या गोळ्या आरोग्य उपकेंद्रातून घरपोच कराव्यात. यंदाच्या दसऱ्याआधी हे व्हायला हवे.