मावशींचं नाक

गेल्या वर्षी आमच्या बचतगटातल्या आम्ही चौघीजणी प्रदर्शनासाठी पुण्याहून दिल्लीला विमानाने गेलो. चौघींचाही पहिलाच विमानप्रवास! अर्धा तास झाला असेल, तोच शेजारच्या मावशी कानाशी लागल्या, ‘ताई, काहीतरी जळल्यागत वास येतोय.’ म्हटलं, सांगूया की. तर म्हणाल्या, ‘नको बाई, अडाणी म्हणतील.’

मावशी पंधरा वर्षं जेवणाचे डबे करतात. भाजी खाली लागली तर पलीकडच्या खोलीतून सांगतील. मी डोक्यावरचं बटण दाबलं. हवाईसुंदरी आली. तिने हसण्यावारी नेलं नाही. मावशींनाच विचारलं, वास कसला, केव्हापासून, वाढतोय का? जेवण गरम करायच्या ओव्हनमध्ये सांडलेलं काहीतरी करपत होतं. तिने ओव्हन बंद केला, कॅप्टनला कळवलं आणि येऊन मावशींना ‘थँक्यू’ म्हणून गेली.

घरी आल्यावर मी याविषयी मुद्दाम वाचलं. चहापाणी देणाऱ्या म्हणून आपण ज्यांच्याकडे बघतो, त्या मुली आग विझवायचं शिक्षण घेतलेल्या असतात, बरं का! वास आला की आधी उगम शोधायचा. ओव्हन, संडास, सामानाचे कप्पे, प्रवाशांचे मोबाइल, पॉवर बँक. भिंत तापली आहे का, ते उलट्या हाताने बघायचं. आणि वास नेमका कसला ते कॅप्टनला सांगायचं, कारण त्यावरूनच कारणाचा अंदाज येतो. बहुतेक जेट विमानांत आतली हवा इंजिनाकडून येते. तेल गळलं तर मळक्या मोज्यांसारखा वास सुटतो. वायर जळल्याचा वास वेगळा. धुराची शंका आली की वैमानिक स्वतः ऑक्सिजनचे मास्क लावतात. आपल्या डोक्यावरचे मास्क मात्र धुरासाठी नसतात, त्यांत आतलीच हवा मिसळते. म्हणून नाकाला ओलं फडकं धरायला सांगतात.

एवढी धावपळ कशाला, असं वाटेल. २ सप्टेंबर १९९८ रोजी न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालेल्या स्विसएअरच्या विमानात वैमानिकांना असाच वास आला. आधी वाटलं, एसीचा असेल. आग छतातल्या वायरिंगपाशी लागलेली, डोळ्यांना दिसत नव्हती. हॅलिफॅक्सला उतरायचं ठरलं, पण पहिल्या वासानंतर साधारण वीस मिनिटांत विमान कॅनडाजवळ समुद्रात कोसळलं. २२९ माणसं गेली, एकही वाचलं नाही.

म्हणून आता उगम सापडला नाही तर जवळच्या विमानतळावर उतरण्याकडेच कल असतो. जुलै २०२२ मध्ये कालिकतहून दुबईला निघालेलं विमान जळका वास आला म्हणून मस्कतला उतरवलं होतं. अशा वेळी उशीर झाला म्हणून कर्मचाऱ्यांवर डाफरणारे प्रवासी पाहिले, की मला राग येतो.

आणि आपण बायका? घरात गॅसचा जरा वास आला तर अख्खं घर उठवतो, मग तिथेच कसला संकोच? इंग्रजी येत नसलं तर हिंदीत सांगा, नाहीतर नाकाकडे बोट दाखवा.

परतीच्या विमानात मावशींनी बसल्या बसल्या आधी बटण कुठे आहे ते बघून घेतलं. पट्टा नंतर बांधला.