दंड १० हजारांचा, बिल ७५ लाखांचं!

ड्रंक अ‍ॅण्ड ड्राइव्हची केस झाली की पहिला फोन वकिलाला जातो. दुसरा प्रश्न पडतो गाडीच्या इन्शुरन्सचा. आता प्रीमियम वाढणार का? कंपनी पॉलिसी देईल का? उत्तर ऐकून अनेकांचा जीव भांड्यात पडतो. पण खरी गोम तिथेच आहे.

थर्टी फर्स्टची रात्र असो की साधा शनिवार. नाकाबंदी लागलेली असते, पोलीस मशीन पुढे करतात, 'फुंका' म्हणतात. रक्तात दर १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल निघालं की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागतं. कार असो नाही तर बाइक, कलम तेच. सिग्नल तोडला, ई-चलान आलं, मोबाइलवर पैसे भरले, विषय संपला, असं इथे होत नाही. कोर्टात उभं राहावं लागतं. पहिल्या वेळी १० हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर १५ हजार रुपये दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. शिवाय लायसन्स निलंबित होऊ शकतं. किमान तीन महिने ते करा, असं सुप्रीम कोर्टाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच राज्यांना सांगितलंय.

एवढं सगळं उरकून पोरगा घरी येतो. काही महिन्यांनी गाडीची पॉलिसी रिन्यू करायची वेळ येते. ऑनलाइन गाडीचा नंबर टाकला, गेल्या वर्षी क्लेम घेतला का, एवढं विचारलं. नाही म्हटलं. पैसे भरले, पॉलिसी मेलवर हजर. दारूच्या केसचा विषयसुद्धा निघाला नाही!

कंपनी विचारत का नाही?

कारण आपल्याकडे इन्शुरन्सचा दर गाडी बघून ठरतो, माणूस बघून नाही.

रस्त्यावर गाडी काढायची तर थर्ड पार्टी विमा सक्तीचा. त्याचा दर सरकार ठरवतं, तोही इंजिनच्या सीसीवर. २०२२ च्या दरपत्रकात १००० सीसीपर्यंतच्या खासगी कारला वर्षाला २,०९४ रुपये आणि १००० ते १५०० सीसीच्या कारला ३,४१६ रुपये असा दर होता. तुम्ही एकादशीचा उपवास करणारे असा की शिक्षा झालेले, आकडा एकच.

दुसरा भाग असतो 'ओन डॅमेज'चा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा. त्यात क्लेम न घेतल्याचं बक्षीस मिळतं, ज्याला सगळे एनसीबी म्हणतात. पहिल्या वर्षी २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०.

आता गंमत बघा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये तुमची गाडी खांबाला घासली आणि तुम्ही क्लेम घेतलात, तर ही सूट एका झटक्यात शून्यावर येते. पण तुम्ही दारू पिऊन गाडी चालवताना पकडले गेलात, कोर्टाने दोषी ठरवलं, गाडीला मात्र ओरखडा नाही, तर पुढच्या वर्षी सूट वाढते! खांबाला घासणारा महाग, झिंगून चालवणारा स्वस्त. विमा धोक्याची किंमत लावतो म्हणतात. इथे तर सगळ्यात मोठा धोका हिशेबातच नाही.

बिल येतं, पण उशिरा

म्हणून 'शिक्षा झाल्यावर कुठली पॉलिसी घेऊ?' या प्रश्नाचं सोपं उत्तर 'कुठलीही घ्या, मिळेल' असंच आहे. पण ते अर्धंच उत्तर. आपल्याकडे दारूचा हिशेब पॉलिसी घेताना होत नाही, तो क्लेमच्या वेळी होतो.

पॉलिसीच्या बारीक अक्षरांत एक वाक्य असतं. गाडीचा मालक किंवा त्याच्या माहितीने आणि संमतीने गाडी चालवणारा कुणीही नशेत असेल, तर गाडीच्या नुकसानीचे पैसे मिळणार नाहीत. 'माहितीने आणि संमतीने' हे शब्द दोनदा वाचा. तुम्ही थेंबभर घेतली नाही, पण पार्टीनंतर टल्ली झालेल्या मित्राच्या हातात किल्ली दिलीत, तरी क्लेम गेला. झीरो डेप, इंजिन प्रोटेक्ट असले अ‍ॅड-ऑन कितीही घ्या, ते या वाक्यावर मात करत नाहीत. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो ना? चालक नशेत असेल, तर तोही लागू होत नाही.

'पण रक्ताची टेस्टच झाली नाही तर?' हा पुढचा हुशारीचा प्रश्न. त्याचं उत्तर सुप्रीम कोर्टाने १२ एप्रिल २०२१ ला दिलंय. प्रकरण दिल्लीतलं. डिसेंबर २००७ मध्ये अपरात्री इंडिया गेटजवळ एका कंपनीच्या मालकीची पोर्शे उलटली आणि पेटली. विमा कंपनी म्हणाली, चालक प्यायलेला होता, पैसे देणार नाही. गाडीमालकाचा मुद्दा होता की श्वासाची किंवा रक्ताची चाचणीच नाही, मग ३० मिलिग्रॅमचा आकडा सिद्ध कुठे झाला? राष्ट्रीय ग्राहक आयोगात मालक जिंकला. सुप्रीम कोर्टात हरला. कोर्टाने सांगितलं की चाचणीचा अहवाल नसला तरी बाकीच्या पुराव्यांवरून चालक नशेत होता, हे विमा कंपनी सिद्ध करू शकते. सिद्ध करायची जबाबदारी कंपनीची, पण त्यासाठी मशीनवरचा आकडा असायलाच हवा असं नाही.

हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शेच्या धडकेत दोन तरुण आयटी अभियंत्यांचा जीव गेला. त्यानंतर रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली, ३०० शब्दांच्या निबंधावर देशभर संताप उसळला. तेव्हा इन्शुरन्सवर फारसं कुणी बोललं नाही. पण रक्ताचा अहवाल गायब झाला म्हणजे सगळं सुटलं, हा समज निदान विम्याच्या बाबतीत तरी खोटा आहे.

आणि समोरचा माणूस गेला तर?

इथे आकडे अंगावर येतात.

अपघातात तिसऱ्याच कुणाचा जीव गेला, तर त्याच्या घरच्यांना भरपाई मिळायला हवी. त्यांचा काय दोष? म्हणून कोर्टांनी आजवर एक वाट धरलेली आहे. विमा कंपनीने आधी त्या कुटुंबाला पैसे द्यायचे आणि मग ते गाडीच्या मालकाकडून आणि चालकाकडून वसूल करायचे. केरळ हायकोर्टाने २०२३ मध्ये दारूच्या नशेतल्या अपघाताबाबत हेच सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीने तर नशेत गाडी चालवणं हा कंपनीचा बचाव म्हणून कायद्यातच लिहिला गेला.

किती पैसे? हिशेब करून बघू. समजा, गेलेला मुलगा २४ वर्षांचा, अविवाहित, खासगी नोकरीत महिना ५० हजार कमावणारा. वर्षाचे झाले ६ लाख. कोर्टांनी घालून दिलेल्या पद्धतीप्रमाणे पुढे पगार वाढला असता म्हणून त्यात ४० टक्के मिळवायचे. झाले ८ लाख ४० हजार. अविवाहित होता म्हणून स्वतःवरच्या खर्चाचे निम्मे वजा. उरले ४ लाख २० हजार. या वयाला गुणक १८. एकूण ७५ लाख ६० हजार! अंत्यसंस्काराचा खर्च वगैरे ठरावीक रकमा वेगळ्या आणि वर व्याज.

कंपनी हे पैसे वसूल करायला निघाली, तर तिला नवा दावासुद्धा लावावा लागत नाही. त्याच ट्रिब्युनलमार्फत, जिल्हाधिकाऱ्यांकडून जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होऊ शकते. आणि गाडी कुणाच्या नावावर असते? कॉलेजात किंवा पहिल्या नोकरीत असलेल्या आपल्यातल्या बहुतेकांची गाडी असते वडिलांच्या नावावर. नोटीस त्यांना येते.

मग पॉलिसी घ्यायची कशी?

शिक्षा झाली म्हणजे आयुष्य संपलं नाही. पण पॉलिसी डोळे उघडे ठेवून घ्यायला हवी.

लायसन्स निलंबित आहे, गाडी दारात उभी आहे, मग विमा कशाला, असं म्हणून पॉलिसी संपू देऊ नका. खंड पडला की गाडीची पुन्हा तपासणी आली आणि ९० दिवस उलटले की जमवलेली सूटही गेली. घरातलं कुणी दुसरं ती गाडी चालवणार असेल, तर विमा हवाच.

निलंबनाच्या काळात स्वतः स्टिअरिंगला हात लावू नका, शुद्धीत असाल तरीही. चालकाकडे वैध लायसन्स हवं, ही पॉलिसीची अटच आहे. त्या काळात ठोकलंत तर दारूचा संबंध नसतानाही क्लेम अडकतो. वर १० हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, ते वेगळंच.

प्रस्ताव अर्जात आधीच्या शिक्षेबद्दल किंवा चालू खटल्याबद्दल प्रश्न असेल, तर खरं लिहा. एजंट म्हणेल, 'सोडा हो, कोण बघतंय?' क्लेमच्या वेळी बघतात. विमा हा विश्वासाचा करार आहे. माहिती लपवली हे निघालं, तर पुढे अगदी प्रामाणिक क्लेमही वादात सापडतो.

आणि पैसे अ‍ॅड-ऑनवर उधळण्यापेक्षा पार्टीच्या रात्री कॅबवर खर्च करा. दारूवर चालणारं अ‍ॅड-ऑन या बाजारात नाही.

दर माणसाचा हवा की गाडीचा?

शिकायला किंवा नोकरीला परदेशी जाणाऱ्यांना हा फरक लगेच कळतो. ब्रिटनमध्ये दारू पिऊन गाडी चालवल्याची शिक्षा झाली की किमान १२ महिने गाडी बंद. तो शिक्का ड्रायव्हिंग रेकॉर्डवर ११ वर्षं राहतो. विमा कंपन्या गेल्या पाच वर्षांतल्या शिक्षा विचारतात आणि प्रीमियम वाढवतात. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत तर कंपनीला राज्य सरकारकडे 'एसआर-२२' नावाचं प्रमाणपत्र भरावं लागतं की या माणसाचा विमा चालू आहे. तिथे एका रात्रीची किंमत वर्षानुवर्षं, हप्त्याहप्त्याने मोजावी लागते.

आपल्याकडेही हा विचार झाला होता. विमा नियामक आयआरडीएआयच्या कार्यगटाने जानेवारी २०२१ मध्ये 'वाहतूक नियमभंग प्रीमियम'चा मसुदा मांडला. प्रत्येक गुन्ह्याला गुण, जास्त गुण म्हणजे जास्त प्रीमियम. चुकीच्या पार्किंगला १० गुण, दारू पिऊन चालवण्याला १००. दिल्लीत त्याचा प्रयोग करायचा होता. २०२२ मध्ये कशी गाडी चालवता यावर दर ठरवणाऱ्या अ‍ॅड-ऑनना परवानगीही मिळाली, पण ती घेणं ऐच्छिक. म्हणजे जो आधीच जपून चालवतो, तोच ती घेणार.

प्रीमियम वाढला की लोक ओरडतील, हे खरं. आपल्या रस्त्यांवर विमाच नसलेली वाहनं कमी नाहीत, दर वाढवला तर त्यांत भर पडेल, हा आक्षेपही फेकून देण्यासारखा नाही. पण सध्याची पद्धत अपघात होईपर्यंत गप्प बसते. नाकाबंदीत सापडणं हा फुकटात मिळालेला इशारा असतो, त्यात कुणाचा जीव गेलेला नसतो. त्या इशाऱ्यानंतर दर वर्षी पाच-सात हजार जास्त भरावे लागले, तर तो आकडा घरात डोळ्यांसमोर राहील, त्यावर आई-वडील बोलतील, किल्ली देताना दोनदा विचार होईल. आज मात्र शिक्षा झालेल्याच्या हातात पुढच्या वर्षी सूट वाढलेली पॉलिसी पडते.

ती स्वस्त आहे म्हणून खूश होऊ नका. तिचा खरा दर तिच्यावर छापलेला नाही, एवढंच.