बोळीतला दिवा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. फुलसावंगीच्या आमच्या घरात स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामध्ये एक अरुंद बोळ आहे. तिथला दिवा मी झोपताना लावून ठेवायचो आणि माझी पाठ फिरली की आई तो विझवायची. एका रात्री ती पाणी प्यायला उठली, अंधारात उंबऱ्याला ठेचकाळली आणि उजवे मनगट मोडून बसली. पुसदला नेऊन प्लास्टर घातले. परतीच्या वाटेवर मी जरा चिडूनच विचारले, "दिवा काहून विझवला होता?" ती म्हणाली, "मंग रातभर जाळाचा का बाबू? बिल कोन भरते?"

मी गप्प बसलो. बिल मीच भरतो, चाळीस वर्षे भरतो आहे. पण बोळीतला दिवा रात्रभर राहिला तर त्या बिलात किती रुपये वाढतात, हे मला सांगता आले नसते. वाचकहो, तुम्हाला तरी येईल का?

आईचा हिशेब खोटा नव्हता, जुना होता. रॉकेलच्या चिमणीत तिचे लहानपण गेले. पुढे वीज आली तरी ६० वॅटचा पिवळा बल्ब हाही एक प्रकारचा जाळच होता. त्याने घेतलेल्या विजेतला जेमतेम विसावा भाग उजेड व्हायचा, बाकी सारी उष्णता. म्हणून तर कोंबडीच्या पिलांना ऊब द्यायला आपण तोच बल्ब टांगायचो, आणि घरात कापसाचा ढीग असला की त्याला हात लागू द्यायचो नाही. 'दिवा जाळणे' हे क्रियापद त्या बल्बाला शोभत होते.

आता आकडे. दिव्यावर छापलेले वॅट गुणिले तो चालतो ते तास, भागिले हजार, की युनिट आले. इतके सोपे गणित असून आपण ते करत नाही, कारण बिल एकदम महिन्याचे येते आणि त्यात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क यांचा काला झालेला असतो. स्थिर आकार बाजूला ठेवा. तो दिवे लावा वा न लावा, द्यावाच लागतो. उरलेल्यात दर टप्प्याटप्प्याने वाढतो. १०० युनिटांच्या वर गेलो म्हणजे सगळेच बिल महाग झाले, हा समज मात्र चुकीचा आहे. वरच्या युनिटांनाच वरचा दर लागतो. हिशेबापुरते मी युनिटला दहा रुपये धरतो. १०० च्या आतल्या घराला याहून कमी पडेल, वर गेलेल्याला थोडे जास्त.

६० वॅटचा बल्ब रात्रीचे दहा तास चालला तर सहा रुपये, महिन्याचे १८०. आई विझवत होती ते रास्तच होते. बोळीत आता असलेला ९ वॅटचा एलईडी तेवढाच वेळ चालला तर नव्वद पैसे. अर्ध्या वॅटचा छोटा दिवा लावला तर रात्रीचे पाच पैसे, महिन्याचे दीड रुपया. त्या दीड रुपयासाठी मनगट!

गंमत अशी की त्याच काळात देवघरात जुना 'झिरो'चा बल्ब रात्रभर चालू असायचा आणि त्याला कुणी काही म्हणत नव्हते. नाव झिरो, पण तो खातो १५ वॅटच्या आसपास. महिन्याला पंचेचाळीस रुपये.

कागदावरचे आईला पटेना. म्हणून एका दुपारी मी घरातले सगळे बंद केले. इन्व्हर्टर, टीव्हीचा डबा, मोबाइलचे चार्जरही काढले. आमच्या मीटरवर ३२०० हा आकडा छापलेला आहे. म्हणजे एक युनिट होईपर्यंत त्यावरचा तांबडा ठिपका ३२०० वेळा लुकलुकतो. (काही मीटरवर हा आकडा वेगळा असतो, तो बघून घ्यावा.) पेटीतला जुना ६० वॅटचा बल्ब लावला. आई ठिपक्याकडे बघत होती, मी घड्याळाकडे. दर एकोणीस सेकंदांना ठिपका लुकलुके. मग ९ वॅटचा लावला. एक मिनिट गेले. दीड गेले. आई म्हणाली, "मीटर बंद पडलं का?" दोन मिनिटे उलटल्यावर ठिपका एकदाचा चमकला.

हा दिवा सामान्यांच्या घरात यायला वेळ लागला. त्याला पांढरा उजेड मिळाला तो निळ्या एलईडीमुळे, आणि त्या शोधाबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले. त्याच वर्षी आपल्याकडे सरकारी घाऊक खरेदीत एका बल्बला ३१० रुपये पडत होते. जानेवारी २०१५ मध्ये 'उजाला' योजना सुरू झाली आणि हा भाव पुढे ३८ रुपयांवर आला.

पण यातून एक उलटापालट झाली आहे, ती फारशी कुणाच्या ध्यानात येत नाही. रोज चार तास धरले तर जुना बल्ब वर्षाला सुमारे ८७६ रुपयांची वीज खायचा आणि स्वतः मिळायचा दहा-पंधरा रुपयांना. एलईडी वर्षाला १३१ रुपयांची खातो आणि शंभराच्या आसपास मिळतो. तो पाच-सात वर्षे टिकला तर उत्तम. बाजारातून बिनखात्रीचा आणला आणि वर्षाच्या आत गेला, तर त्याची किंमत विजेच्या खर्चाला जाऊन भिडते. तेव्हा खोक्यावर वॅटबरोबर ल्युमेन वाचा (९ वॅटला ८०० ते ९०० असावेत), पावती जपा, आणि बल्बाच्या मानेवर पेनाने तारीख घाला. मी घालतो. दुकानदार हसतो, पण हमीच्या मुदतीत गेलेला बल्ब बदलून देतो.

याचा अर्थ दिवे उधळावेत असा नाही. नव्या घरांच्या छतात १२ वॅटचे बारा दिवे बसवतात, म्हणजे १४४ वॅट. दोन जुन्या बल्बांहून अधिक. पण काटकसर म्हटली की आपला हात अजून आधी दिव्याच्या बटणाकडेच जातो, आणि तोही बहुधा म्हाताऱ्यांच्या नाहीतर अभ्यासाला बसलेल्या पोरांच्या डोक्यावरच्या दिव्याच्या. जुना ७५ वॅटचा पंखा रिकाम्या खोलीत बारा तास फिरला तर नऊ रुपये. अर्ध्या एचपीची मोटर तासाला साधारण अर्धे युनिट घेते. टाकी भरून अर्धा तास पाणी वाहिले तर तेवढ्या विजेत बोळीतला ९ वॅटचा दिवा सत्तावीस तास चालला असता, आणि पाणी गेले ते वेगळेच.

देवघरातला झिरो मी काढला. बोळीत अर्ध्या वॅटचा दिवा लावला आहे. प्लास्टर निघाल्यावरही आई पहिले काही दिवस त्याच्या बटणापर्यंत जाऊन परत यायची. आता जात नाही. मात्र मी मोटर सुरू केली की ती खुर्ची घेऊन टाकीखाली बसते, आणि पाण्याचा पहिला थेंब पडायच्या आत तिची हाक येते.