मेलेली पिल्ले पुरण्याआधी

राणीखेतची लस देऊनही पिल्ले मरतात, तेव्हा आपण लसीला दोष देतो. पुष्कळदा खरा चोर गंबोरो असतो. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लाच्या गुदद्वाराजवळ बर्सा नावाची पिशवी असते. रोगाशी लढणाऱ्या पेशी तिथे तयार होतात, आणि हा विषाणू नेमकी तीच नासवतो. मग दुसरी लसही नीट लागू पडत नाही.

१९६२ साली अमेरिकेत नोंदलेला हा विषाणू रूप पालटतो. त्याच्या कवचातील व्हीपी-२ या प्रथिनात थोडा फरक पडला, तरी जुनी लस तोकडी पडू शकते. हे जनुक तपासूनच कळते. हैदराबादच्या राजेंद्रनगरात पशुवैद्यक महाविद्यालय आहे. वनराजा, ग्रामप्रिया देणारी कुक्कुट संशोधन संस्थाही तिथेच. विद्येची वाण नाही. आपल्या खुराड्यातला नमुना मात्र तिथवर जात नाही. मेलेली पिल्ले आपण बांधावर पुरतो. (आजारी पिल्ले स्वस्तात विकणे तर शेजाऱ्याकडे रोग धाडणेच.) ताजे मेलेले पिल्लू बर्फात ठेवून दवाखान्यात न्यावे, आणि दवाखान्याने नमुना पुढे पाठवावा, असा आग्रह आपण धरलाच पाहिजे.

पाण्यातून गंबोरोची लस देताना क्लोरीनचे पाणी वापरू नये. थोडी साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळावी.