वजनकाट्याची फसवणूक

गळ्यातील थायरॉईड म्हणजेच अवटू ग्रंथीचा स्राव शरीरातील ज्वलनाचा वेग ठरवतो. १८९१ मध्ये इंग्लंडमधील डॉक्टर जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या या ग्रंथीचा अर्क टोचून एका रुग्ण स्त्रीला बरे केले. ती पुढे २८ वर्षे जगली. आज तेच संप्रेरक गोळीच्या रूपाने असंख्य रुग्णांचा आधार आहे. परंतु स्पर्धेपूर्वी चरबी झटपट उतरावी म्हणून काही निरोगी शरीरसौष्ठवपटूही ती घेतात, हा मला निव्वळ अविचार वाटतो.

काटा खाली येतो खरा. पण वाढलेल्या ज्वलनात चरबीबरोबर स्नायूही झिजतात. ज्या दंडांसाठी वर्षानुवर्षे घाम गाळला, तेच इंधन व्हावेत! हृदयाचे हाल तर याहून गंभीर. धडधड वाढते, ठोक्यांची लय बिघडते आणि त्यातून रक्ताची गुठळी मेंदूपर्यंत पोहोचू शकते. शिवाय बाहेरून आयते संप्रेरक मिळू लागले की स्वतःची ग्रंथी मंदावते. गोळी थांबवल्यावर ती पूर्ववत होण्यास कित्येक आठवडे लागू शकतात. तेवढ्यात उतरलेली चरबी परत येऊ लागते.

वजन घटवण्यासाठी हे औषध वापरू नये, असा इशारा अमेरिकेत त्याच्या माहितीपत्रकावर ठळक चौकटीत छापलेला असतो. व्यायामशाळेतील ‘जाणकार’ मित्र गोळ्यांची संख्या तेवढी सांगतो. नाडी कोण मोजणार, हे मात्र सांगत नाही.