आठाची भीती आणि हर्षद संख्या



आज रेसिपी नाही. दिवाळीच्या फराळाचं लिहायचं ठरवलं होतं, पण मनात राग असला की हातून करंजीसुद्धा नीट वळली जात नाही. तेव्हा आधी राग काढते.

आमच्या दिरांकडे चातुर्मास संपता संपता एक अंकज्योतिषी येऊन गेले. नाव-गाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही, कारण असे एक जाऊन दुसरे येतच असतात. त्यांनी तासाभरात तीन गोष्टी सांगितल्या. दुकानाच्या पाटीवरच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर वाढवा. मोबाईल नंबर बदला, "चांगल्या बेरजेचा" नंबर घ्या. आणि मुलीच्या नावात एक जास्तीचा 'ए' घाला, कारण तिचा जन्म २६ तारखेचा, २ अधिक ६ म्हणजे ८, आणि ८ म्हणजे शनी.

पाटी बदलली, नंबर बदलला, दोन्हीचे पैसे गेले. ते जाऊ द्या, पैसा पुन्हा मिळवता येतो. पण मुलीच्या आधार कार्डावर आता नाव एक आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरं. शिष्यवृत्तीचा अर्ज अडकला. शपथपत्र, राजपत्र, नगरच्या चकरा. हे सगळं निस्तरता येईल. निस्तरता येणार नाही ते वेगळंच आहे. ती पोर परवा माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मोठी आई, माझ्यामुळे घरात अडचणी येतात का गं? मी आठ नंबरची आहे ना."

सतरा वर्षांची मुलगी. विज्ञान शाखेत शिकणारी. आणि स्वतःला घरावरचं संकट समजते, का तर दोन आणि सहाची बेरीज आठ होते म्हणून!

आता काही जणी म्हणतील, तुला आकड्यांचं वावडं आहे. उलट आहे. मला आकड्यांचा भारी नाद. आमच्या घरी रोजमेळ सासऱ्यांच्या शेजारी बसून मी शिकले. आकड्यांशी खेळायला माझी हरकत नाही. आकड्यांनी माणसाला घाबरवायला आहे. अंकांची बेरीज करून पाहणं हा खेळ आपल्या महाराष्ट्रातल्याच एका शिक्षकाने आयुष्यभर केला, आणि जगाने त्याला मान दिला. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचा. १९३० ते १९६२ ते नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवत होते. मोठी पदवी नाही, विद्यापीठात खुर्ची नाही. बरेच विद्वान त्यांच्या कामाला पोरखेळ म्हणायचे. मग १९७५ मध्ये अमेरिकेच्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिलं आणि देवळालीचे मास्तर जगाला माहीत झाले.

त्यांचा सगळ्यात गाजलेला खेळ करून बघा. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा, मोठीतून लहान वजा करा. उत्तराचं पुन्हा तेच करा. आपल्या आष्टीला रेल्वे आली ते साल घेऊ, २०२२. २२२० वजा ०२२२ म्हणजे १९९८. मग ९९८१ वजा १८९९ म्हणजे ८०८२. मग ८८२० वजा ०२८८ म्हणजे ८५३२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आता ६१७४ चं करा: ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४! गाडी थांबली. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच उतरता. हा कापरेकर स्थिरांक.

आणि त्यांनीच एका प्रकारच्या संख्यांना नाव दिलं 'हर्षद', म्हणजे हर्ष देणारी. जिच्या अंकांच्या बेरजेने तिला पूर्ण भाग जातो ती हर्षद. १०८ घ्या: १ अधिक ० अधिक ८ म्हणजे ९, आणि १०८ भागिले ९ म्हणजे १२. गेला भाग. झाला हर्ष.

बघा मैत्रिणींनो, कृती तीच आहे. अंकांची बेरीज. ज्योतिषी तीच करतो आणि एका मुलीला भीती देतो, फी घेतो. मास्तरांनी तीच केली आणि तिला हर्षद म्हटलं, फुकट. आणखी एक गंमत सांगते. कापरेकरांचे वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. मुलाने त्या घरातून आकडेमोडीची गोडी उचलली आणि ती खेळात, गणितात नेली. म्हणजे ज्योतिषाच्या घरातूनसुद्धा बाहेर पडायला वाट असते.

आता ज्योतिषी काय म्हणतात? नऊचा आकडा बघा, नऊला कितीनेही गुणा, अंकांची बेरीज नऊकडेच येते, हा चमत्कार नाही तर काय? नाही. हा लाडवांचा हिशोब आहे. १० लाडू घ्या आणि ९-९ चे डबे भरा. एक डबा भरतो, एक लाडू उरतो. १०० लाडू घ्या, ११ डबे भरतात, पुन्हा एकच उरतो. १००० घ्या, १११ डबे आणि एक लाडू. म्हणजे प्रत्येक दहामागे एक, प्रत्येक शंभरामागे एक, प्रत्येक हजारामागे एक उरतो. तेव्हा ३४२ लाडवांत तीन शंभरांचे तीन, चार दहांचे चार आणि सुटे दोन, एकूण ३ अधिक ४ अधिक २ म्हणजे ९ उरले. त्यांचाही एक डबा झाला, बाकी शून्य. अंकांची बेरीज म्हणजे ही उरलेल्या लाडवांची मोजणी. आपल्या हाताला दहा बोटं आहेत म्हणून आपण दहादहाने मोजतो, म्हणून ही जागा नऊला मिळाली. आठ बोटं असती आणि आठआठाने मोजत असतो तर हाच मान साताला मिळाला असता. यात ग्रह कुठे आला?

पुढचा प्रश्न. बेरीज कशाची करतात? नावाच्या इंग्रजी अक्षरांची. का? पोरीला तिची आजी मराठीत हाक मारते. कर्म बांधलं जातं ते इंग्रजी स्पेलिंग बघून का? आणि अक्षरांच्या किमतीही एक नाहीत. एका पद्धतीत 'एफ' ची किंमत ८, दुसऱ्या पद्धतीत ६. एकाच नावाचे दोन ज्योतिषी दोन आकडे काढतील आणि दोघेही ठामपणे सांगतील.

तारखेचंही तसंच. २६ तारीख कोणाची? इंग्रजी कॅलेंडरची. १५८२ मध्ये पोपने त्या कॅलेंडरातले दहा दिवस गाळले. इंग्रजांनी ते १७५२ मध्ये स्वीकारलं तेव्हा २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आला. त्या दिवशी साऱ्या लोकांचं नशीब बदललं म्हणायचं का? घरचंच उदाहरण घ्या. महावीर जयंती आपण चैत्र शुद्ध त्रयोदशीला करतो. ती २०२२ मध्ये १४ एप्रिलला आली, २०२४ मध्ये २१ एप्रिलला, २०२५ मध्ये १० एप्रिलला. मूलांक काढा: पाच, तीन, एक. सांगा आता भगवंतांचा मूलांक कोणता?

खरं सांगते, मोह मलाही झाला होता. हर्षदचा नियम कळला त्या रात्री सामायिक झाल्यावर वही घेऊन बसले. पंच परमेष्ठींचे गुण १२, ८, ३६, २५, २७, मिळून १०८. हर्षद. तीर्थंकर २४, हर्षद. शलाकापुरुष ६३, हर्षद. सामायिकाची ४८ मिनिटं, हर्षद. चौऱ्याऐंशी लक्ष योनीतले ८४, तेही हर्षद! अंगावर काटा आला. वाटलं, उद्याच लिहावं, सगळ्या ग्रुपवर जाईल. मग पुढे मोजत गेले. नवकाराची अक्षरं ६८, बेरीज १४, भाग जात नाही. गुणस्थानं १४, बेरीज ५, भाग जात नाही. उपाध्यायांचे गुण २५, बेरीज ७, भाग जात नाही. मग नवकार कमी पवित्र झाला का? काटा खाली बसला आणि लाज वाटली. जुळलं ते मोठ्याने सांगायचं आणि न जुळलेलं वहीतच ठेवायचं, एवढंच केलं असतं तर मीही ज्योतिषी झाले असते. त्या धंद्याचं सगळं भांडवल एवढंच आहे.

आणि आपल्याला बाहेर बघायची गरज काय? आपल्याकडे महावीराचार्य आहेत. इसवी सन ८५० च्या सुमारास, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात त्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला. आपला मराठवाडा तेव्हा राष्ट्रकूटांच्याच राज्यात. ते दिगंबर परंपरेचे, आमचं घर स्थानकवासी, पण आचार्यांना मान देताना मी पंथ मोजत नाही. ग्रंथाच्या सुरुवातीला ते गणित कुठेकुठे लागतं त्याची यादी देतात: व्यवहार, संगीत, वैद्यक, वास्तू, व्याकरण, आणि हो, पाकशास्त्रसुद्धा! अकराशे वर्षांपूर्वी एका आचार्यांनी स्वयंपाकघराला गणिताच्या यादीत बसवलं, आणि आजही बायकांना हिशोबातलं काय कळतं म्हणणारे आहेतच.

त्याच ग्रंथात त्यांनी गुणाकारांचे हार गुंफले आहेत. १३९ गुणिले १०९ करा, १५१५१ येतं, उलटसुलट सारखंच. १५२२०७ गुणिले ७३ करा, आठ एक येतात. २७९९४६८१ गुणिले ४४१ करा, १२३४५६५४३२१ येतं, चढून उतरणारी माळ. ही १११११ ला आणखी एक १ जोडून होणाऱ्या ११११११ ची, म्हणजे सहा एकांची वर्गसंख्या. कापरेकरांनी अशाच संख्यांना मुंबईजवळच्या एका रेल्वे स्टेशनवरून 'डेमलो' नाव दिलं. हजारावर वर्षं मधे, आणि दोघेही त्याच खेळात रमले.

पण याच आचार्यांनी एक चूकही केली. संख्येला शून्याने भागलं तर ती तशीच राहते, असं त्यांनी लिहिलं. ते बरोबर नाही, आणि पुढच्या गणितींनी ते मान्य केलं नाही. यात आचार्यांचा अपमान झाला नाही. गणितात आचार्यांची चूकसुद्धा दाखवता येते, तीही शाळकरी पोरीला. ज्योतिष्याची चूक मात्र कधीच नसते. फळ आलं तर आकड्याचं, नाही आलं तर तुमची श्रद्धा कमी पडली.

मला तीन उत्तरं मिळतात. पहिलं, "मनाचं समाधान असतं, नुकसान काय?" नुकसान मी वर सांगितलं. त्या मुलीचं समाधान कुणी विचारलं?

दुसरं, "आपल्यात अनेकांत आहे, त्यांचंही खरं असू शकतं." बाई गं, अनेकांत म्हणजे एक वस्तू सगळ्या बाजूंनी डोळे उघडे ठेवून बघणं. डोळे मिटून सगळ्यांना हो म्हणणं नव्हे.

तिसरं, "उपाय केल्याने काय बिघडतं?" आपण म्हणतो, ज्याचं कर्म त्याला भोगायचं, कर्म झडतं ते तपाने आणि समभावाने. मग स्पेलिंगमधल्या एका 'ए' ने ते पुसलं जात असेल तर आयंबिल कशाला करता? एकासणं कशाला? पाटी रंगवणाऱ्याला बोलवा, काम संपलं. सकाळी व्याख्यानात कर्मसिद्धांत ऐकायचा आणि संध्याकाळी मोबाईल नंबरची बेरीज करून घ्यायची, हे दोन्ही एका घरात कसं नांदतं ते मला कळत नाही.

आणि आठ वाईट कसा? सिद्धांचे गुण आठ. मंगलं आठ, अष्टमंगल. पर्युषणाचे दिवस आठ. आपल्या गावाचं नाव घेतलं तरी कानाला आठच ऐकू येतो!

तर त्या संध्याकाळी मी तिला फार काही समजावलं नाही. वही दिली आणि म्हटलं, महावीराचार्यांची १२३४५६७९ ही संख्या लिही. यात ८ नाही, वगळलेला आहे. आता तिला ७२ ने गुण. तिने कॅल्क्युलेटर न घेता गुणलं. उत्तर आलं ८८८८८८८८८. नऊ आठांचा हार. वगळलेला आठच परत आला, तोही नऊ वेळा. ती बघतच राहिली. मग म्हणाली, "भगवंतांचं आयुष्य ७२ वर्षांचं होतं ना?" मी म्हटलं, होतं, पण तो योगायोग आहे, कारण शोध. थोड्या वेळाने तिनेच सांगितलं: त्या संख्येला ९ ने गुणलं की नऊ एक येतात, आणि ७२ म्हणजे नऊ आठे. बस.

रात्री जेवणं आटोपून आम्ही ओट्याशी होतो तेव्हा ती पुन्हा आली. "मोठी आई, आठ वेळा आठ वापरून हजार करून दाखव." मला जमेना. तिने वहीत लिहून दाखवलं: ८८८ अधिक ८८ अधिक ८ अधिक ८ अधिक ८.

अर्ज अजून अडकलेलाच आहे. जाऊबाई माझ्याशी आठ दिवस धड बोलल्या नाहीत. त्यांचं किंवा कुणाचंही मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्. पण लिहिलेलं मागे घेत नाही. तुमच्या घरी कुणी पोरीच्या जन्मतारखेची बेरीज करायला बसलं, तर त्यांच्या पुढ्यातला कागद ओढून घ्या आणि पोरीच्या हातात द्या. बेरीज तिलाच करू द्या, आणि पुढचा खेळही.

फराळाचं पुढच्या वेळी. करंजीच्या सारणाचं प्रमाण मोजून देईन, आचार्यांच्या यादीत पाकशास्त्र आहेच.