एदलाबादचा हिशेब

आदिलाबादहून आमच्या एका वाचकाचे पत्र आले आहे. मूळचे पेडण्याचे हे गृहस्थ तेथील एका जिनिंग कारखान्यात हिशेबनीस आहेत. कापसाचा हंगाम उतरणीला लागला की कारखान्याबाहेरच्या चहाच्या दुकानावर मराठी आणि तेलुगू मंडळींचा जो फड जमतो, त्यात झडलेल्या एका वादाची हकीकत त्यांनी कळविली असून निवाडा आमच्याकडे मागितला आहे. वादाला तोंड फुटले ते अमेरिकेवरून. तेलंगणात कोणाच्या ना कोणाच्या ओळखीतला मुलगा अमेरिकेत असतोच. त्यामुळे डोनाल्ड ट्रम्प यांनी धंद्यात काय कमावले आणि वडिलांच्या जिवावर काय मिळविले, हा तेथे घरगुती विषय आहे. बोलता बोलता कोणी म्हणाले, की परक्यांची उणीदुणी कशाला काढता, तुमच्या मराठी राष्ट्रपतींची बँक आणि कारखाना आठवा. त्यावर दुसऱ्याने ठासून सांगितले, की त्या राष्ट्रपती तर आमच्याच आदिलाबादच्या आमदार होत्या! येथून वादाने पेट घेतला. एका निवृत्त शिक्षकांनी सर्वोच्च पदावर बसून गेलेल्या व्यक्तीची अशी उठाठेव करणे म्हणजे देशाची अप्रतिष्ठा होय, असे सुनावले. एका तरुण व्यापाऱ्याने सगळेच एका माळेचे मणी, चर्चा कशाला, असा निकाल दिला. आमचे पत्रलेखक या दोहोंमध्ये सापडले.

प्रथम भूगोलाचा घोळ निस्तरला पाहिजे. श्रीमती प्रतिभाताई पाटील यांचा मतदारसंघ आदिलाबाद नव्हे, एदलाबाद होता. जळगाव जिल्ह्यातले हे गाव आता मुक्ताईनगर म्हणून ओळखले जाते. आदिलाबादकरांची चूक अगदीच अक्षम्य आहे असे मात्र आम्हाला वाटत नाही. निजामाच्या राज्यात असलेल्या त्या जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठी मुलखाकडे आले, जिल्ह्याचे ठाणे तेलुगू मुलखात राहिले. पैनगंगेचा पूल ओलांडला की यवतमाळ जिल्हा लागतो. अशा सीमेवरच्या माणसाने मराठी राष्ट्रपतींवर थोडा हक्क सांगितला तर बिघडले कोठे?

प्रतिभाताई १९६२ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, जळगावातून विधानसभेवर आल्या. पुढे १९६७ ते १९८५ त्यांनी एदलाबादचे प्रतिनिधित्व केले. मंत्रिपदे, विरोधी पक्षनेतेपद, राज्यसभेचे उपसभापतिपद, अमरावतीची खासदारकी, राजस्थानचे राज्यपालपद असा प्रवास करीत २५ जुलै २००७ रोजी त्या भारताच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या आणि २०१२ मध्ये कार्यकाल पुरा करून निवृत्त झाल्या. खानदेशातल्या नाडगावात १९३४ साली जन्मलेल्या मुलीने वकिली शिकावी आणि राष्ट्रपतिभवनापर्यंत पोहोचावे, ही साधी गोष्ट नव्हे. पाच वेळा विधानसभा निवडणूक जिंकणे हे केवळ कोणाच्या कृपेने होत नाही. हे मोकळेपणाने मान्य करूनच पुढचे बोलले पाहिजे.

पुढचे असे. प्रतिभाताईंच्या पुढाकाराने १९७३ साली जळगावात महिलांची एक सहकारी बँक स्थापन झाली आणि तिला त्यांचेच नाव देण्यात आले. बायकांच्या हातात चार पैसे राहावेत, ते घरातल्या पुरुषांच्या नजरेबाहेर सुरक्षित असावेत, ही कल्पना त्या काळी थोर होती आणि आजही आहे. परंतु २००३ मध्ये रिझर्व्ह बँकेने या बँकेचा परवाना रद्द केला. संस्थापिकेच्या नातेवाइकांना कर्जे दिली गेली आणि त्यांना सवलती मिळाल्या, असा जाहीर आरोप बँकेच्याच कर्मचारी संघटनेने केला. २००७ साली राष्ट्रपतिपदाची उमेदवारी जाहीर होताच विरोधी पक्षाने तो उचलून धरला. दैनंदिन कारभाराशी उमेदवारांचा संबंध नव्हता आणि हा सारा राजकीय चिखलफेकीचा प्रकार आहे, असे त्यांच्या पक्षाचे उत्तर होते. कोणत्याही न्यायालयाने प्रतिभाताईंना या बाबतीत दोषी ठरविलेले नाही. तेव्हा नातेवाइकांच्या कर्जांचा आरोप आम्ही आरोप म्हणूनच येथे नोंदवितो. परवाना रद्द होणे ही मात्र घडलेली गोष्ट आहे. एदलाबादच्या परिसरात त्यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या संत मुक्ताबाई सहकारी साखर कारखान्याचीही गत निराळी झाली नाही. मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे सतरा कोटींवर कर्ज थकले आणि कारखाना बंद पडला.

आता त्या तरुण व्यापाऱ्याच्या 'सगळेच सारखे' या निकालाकडे वळू. ते सारखे नाहीत, आणि फरक कोठे आहे हे हिशेबनीसाला तरी चटकन कळावे. ट्रम्प यांचे वडील न्यूयॉर्कातले मातब्बर बांधकाम व्यावसायिक. वडिलांकडून लहानसे कर्ज घेऊन आपण साम्राज्य उभारले, असे चिरंजीव सांगत. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २०१८ मध्ये कागदपत्रे चाळून दाखवून दिले, की वडिलांच्या व्यवसायातून त्यांच्याकडे आजच्या मोलाने किमान ४१ कोटी ३० लाख डॉलर आले होते. त्यांच्या धंद्यांची दिवाळखोरी सहा वेळा न्यायालयात गेली. तेथेही कर्ज देणाऱ्या बँका आणि भागधारक पोळले, हे खरे. तरीही मूळ भांडवल बापाचे होते. बापाने मिळविले, मुलाने उडविले किंवा वाढविले, यावर हसावे की रडावे हे त्या घराने ठरवावे. शिवाय हा गृहस्थ पुढे पुण्यात आणि मुंबईत स्वतः इमारत न बांधता केवळ आपले नाव भाड्याने देऊन पैसे मिळवू लागला, ही गोष्ट व्यापारी म्हणून कौतुकाची की लाजेची, याचाही निर्णय आम्ही घर घेणाऱ्यांवर सोपवितो.

आपल्याकडचा प्रकार याहून वेगळा आणि आमच्या मते अधिक गंभीर आहे. महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखान्याच्या भांडवलात सभासद शेतकऱ्यांचा वाटा साधारणतः दहा टक्के, सरकारचा तीस टक्के आणि उरलेले कर्ज अशी वाटणी रूढ झाली. कर्जाला बहुधा हमीही सरकारचीच. सहकारी बँकेत तर सारा पैसा ठेवीदाराचा. म्हणजे अध्यक्ष आणि संचालक ज्या पैशाचे धनी म्हणून मिरवितात, त्यातला त्यांचा स्वतःचा पैसा चिमूटभरही नसतो. अमेरिकेत मुलाला वारशाने संपत्ती मिळते. आपल्याकडे मुलाला वारशाने मिळते ती दुसऱ्याच्या संपत्तीची किल्ली. ती हाती आली की तिच्या जोरावर निवडणूक, निवडणुकीच्या जोरावर पुन्हा सरकारी हमी, आणि हमीच्या जोरावर नवे कर्ज, असा हा रहाट फिरत राहतो. जेव्हा तो मोडतो तेव्हा नाव घराण्याचे जात नाही, ठेवीदार बाईची पुंजी जाते. २००३ साली ठेवींना विम्याचे संरक्षण होते ते फक्त एक लाखापर्यंत. त्यावरची रक्कम बँकेच्या दिवाळखोरीच्या रांगेत.

योगायोग पाहा. गुजरातेतील माधवपुरा बँकेच्या २००१ च्या पडझडीने जागे झालेल्या रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांनी आपल्या संचालकांना व त्यांच्या नातेवाइकांना कर्जे देण्यावर पूर्ण बंदी घातली ती १ ऑक्टोबर २००३ पासून. ज्या वर्षी जळगावच्या बँकेचा परवाना गेला त्याच वर्षी हा नियम आला. तो येईपर्यंत नातेवाइकाला कर्ज हा आपल्या सहकाराचा जणू कुळाचारच होता.

वारशाचा दुसरा भाग अमरावतीत दिसला. प्रतिभाताई राष्ट्रपतिभवनात असतानाच २००९ च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने त्यांचे चिरंजीव राजेंद्र शेखावत यांना अमरावतीची उमेदवारी दिली. त्यासाठी त्याच पक्षाचे विद्यमान आमदार आणि राज्यमंत्री डॉ. सुनील देशमुख यांना घरी बसविण्यात आले. देशमुख अपक्ष उभे राहिले आणि हरले. २०१४ मध्ये, मातोश्री निवृत्त झाल्यानंतर, तेच देशमुख भाजपच्या वतीने उभे राहिले आणि त्यांनी शेखावतांचा पराभव केला. शेखावतांचे वडील अमरावतीचे पहिले महापौर आणि माजी आमदार होते, म्हणजे मुलाला शहर परके नव्हते. परंतु पक्षाचा अनुभवी मंत्री बाजूला सारण्याइतके त्याचे काम मोठे होते काय, याचे उत्तर कोणी दिल्याचे आमच्या स्मरणात नाही.

घराण्यात जन्मणे हा गुन्हा नव्हे. प्रवरानगरला १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साहाय्याने जो कारखाना उभारला, त्याभोवती विख्यांच्या चार पिढ्या राजकारणात आल्या, पण तो कारखाना काही बंद पडला नाही. आमच्या गोव्यात भाऊसाहेब बांदोडकर खाणमालक होते आणि ते त्यांनी कधी लपविले नाही. १९७३ च्या ऑगस्टमध्ये ते गेल्यावर शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. कन्या म्हणून त्यांना गादी मिळाली असे त्या वेळी पुष्कळांनी म्हटले, आणि त्यात तथ्य होते. पण त्या आधीपासून आमदार होत्या, आणि १९७९ पर्यंत त्यांनी जो कारभार केला त्याचा हिशेब लोकांनी त्यांच्याकडूनच मागितला, वडिलांच्या पुतळ्याकडून नव्हे. आदिलाबादकरांनीही फार नाक वर करू नये. शेजारच्या निजामाबादेत २०१९ साली मुख्यमंत्र्यांच्या कन्या के. कविता हरल्या तेव्हा घराणेशाही संपली म्हणून पेढे वाटले गेले. निवडून आले ते प्रदेश काँग्रेसचे माजी अध्यक्ष डी. श्रीनिवास यांचे चिरंजीव! आणि २०२२ साली आम्ही गोवेकरांनी चाळीस जणांच्या विधानसभेत तीन दांपत्ये निवडून पाठविली, हेही येथेच सांगितलेले बरे.

निवृत्त शिक्षकांच्या आक्षेपाला आम्ही अधिक आदराने उत्तर देतो, कारण त्यामागची भावना प्रामाणिक आहे. पदाची प्रतिष्ठा राखावी, हे मान्य. घटनेच्या ३६१ व्या कलमानेही राष्ट्रपतींवर कार्यकालात फौजदारी खटला चालविता येत नाही. मात्र त्याच कलमात, वैयक्तिक कृत्याबद्दल दोन महिन्यांची नोटीस देऊन दिवाणी दावा लावण्याची मुभा ठेवली आहे. घटनाकारांनी पदाला कवच दिले ते तेवढ्यापुरते, तेवढ्या काळापुरते. पदावरून उतरल्यावरही प्रश्न विचारू नये, असा संकेत त्यांनी घालून दिलेला नाही. आणि प्रश्न विचारल्याने पद लहान होते, असाही अनुभव नाही. निवृत्तीनंतर राहण्यासाठी पुण्याजवळ खडकीच्या लष्करी जमिनीवर प्रतिभाताईंचे निवासस्थान उभे राहत होते. २०१२ च्या एप्रिलमध्ये माजी सैनिकांनी त्याला हरकत घेतली, आवाज उठला, आणि प्रतिभाताईंनी ती जागा नाकारली. आमच्या मते त्यांच्या कारकिर्दीतला तो एक चांगला निर्णय होता, आणि तो प्रश्न विचारले गेल्यामुळे झाला. त्यांच्या आधीच्या राष्ट्रपतींनी, डॉ. अब्दुल कलाम यांनी, २००६ साली आपले गणगोत राष्ट्रपतिभवनात पाहुणे म्हणून आले असता त्यांच्या राहण्याजेवण्याचे साडेतीन लाख रुपये स्वतःच्या खात्यातून भरले होते. त्यांना तर कोणी विचारलेही नव्हते.

हे सारे जळगावचे आणि अमरावतीचे, आपल्याला काय त्याचे, असे ज्या गोवेकराला वाटते त्याने म्हापसा अर्बन बँकेच्या दारावरून एकदा जाऊन यावे. २०२० च्या एप्रिलमध्ये तिचा परवाना रद्द झाला, २०२१ च्या जुलैत मडगाव अर्बनचा. विम्याची मर्यादा तोवर पाच लाख झाली होती म्हणून बहुतेक ठेवीदार तरले, एवढेच समाधान. धारबांदोड्याचा संजीवनी साखर कारखाना २०१९-२० च्या सुमारास गाळप बंद करून बसला आणि तेव्हापासून ऊस-उत्पादकांना दरवर्षी नवे आश्वासन ऐकावे लागले. या संस्थांच्या वार्षिक सभांना आपल्यातले किती सभासद जात होते? अहवाल छापून येतो, चहा-बिस्किटे होतात, ठराव आवाजी मताने मंजूर होतात. संचालकांची आडनावे वाचावीत, थकबाकीदारांची वाचावीत, जुळतात काय ते पाहावे, एवढे कष्ट घ्यायला कायद्याची बंदी नाही. तेव्हा विचारले नाही ते मागाहून चहाच्या दुकानावर विचारावे लागते.

आमच्या पत्रलेखकांना निवाडा हवा आहे, तो असा. वाद करावा. मात्र शिक्षकमहाशयांनी पद आणि माणूस वेगळे धरावे, व्यापारी तरुणाने आपल्याच शहरातील पतसंस्थेचा गेल्या वर्षीचा अहवाल आणून दुकानावर मोठ्याने वाचावा, आणि हिशेबनीसांनी बेरजा तपासाव्यात. हरणाऱ्याने सर्वांच्या चहाचे पैसे द्यायचे असे ठरले होते, असे पत्राच्या शेवटी लिहिले आहे. ते पैसे ज्याने आदिलाबाद आणि एदलाबाद एकच केले त्याच्याकडून घ्यावेत.